मुक्तीनंतरची खेड्यातली शाळा: अमेरिकेच्या दक्षिणेत जागा, पैसा आणि मास्तर कुठून आले?

जुनीवही (धागाकर्ता)

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. जे सुटले ते सुमारे ४० लाख लोक तोवर काय करत होते, हे मात्र मराठीत फारसे सापडत नाही. जमीन, विकल्या गेलेल्या बायकामुलांचा शोध आणि शाळा, या तीन गोष्टींमागे ते लागले होते. हा धागा शाळेपुरता, त्यातही खेड्यातल्या शाळेपुरता. बहुसंख्य माणसे अजून मळ्यांवरच राहत होती आणि खरी कसोटी तिथेच लागली.

पुस्तकांत एक वाक्य ठरलेले असते: फ्रीडमेन्स ब्युरोने (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या केंद्र सरकारच्या खात्याने) दक्षिणेत शाळा काढल्या. हे अर्धेच खरे आहे. ३ मार्च १८६५ ला ब्युरोचा कायदा झाला तेव्हा त्यात शाळांसाठी पैशाची काहीच तरतूद नव्हती. जुलै १८६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) मुदतवाढ दिली, तेव्हा कुठे शाळांना इमारती पुरवायची मुभा मिळाली. शिक्षक आणायचे आणि पोसायचे काम धर्मादाय संस्थांकडेच राहिले. थोडक्यात, भिंती-छपराला सरकारचा हातभार आणि मास्तरचे ज्याचे त्याने बघायचे.

शिवाय ब्युरोच्या आधीच शाळा सुरू झाल्या होत्या. व्हर्जिनियात फोर्ट मन्रोजवळ मेरी पीक या कृष्णवर्णीय बाईंनी सप्टेंबर १८६१ मध्ये अमेरिकन मिशनरी असोसिएशन या उत्तरेतल्या धर्मादाय संस्थेच्या आधाराने वर्ग सुरू केला आणि पाच-सहा महिन्यांत क्षयाने त्या गेल्या. साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर लॉरा टाउन आणि एलन मरे यांनी १८६२ मध्ये पेन स्कूल उभे केले. लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा अमलात आला तो १ जानेवारी १८६३ ला, त्याच्याही आधीची ही गोष्ट. १८६५ मध्ये ब्युरोचे शाळा-निरीक्षक जॉन अल्व्हर्ड दक्षिणेत फिरले, तेव्हा त्यांना कोणाचीही मदत नसलेल्या, लोकांनीच चालवलेल्या शाळा जागोजागी दिसल्या. त्यांचा अंदाज किमान ५०० शाळांचा होता. नॉर्थ कॅरोलायनात गोल्ड्सबरोला दोन तरुण १५० जणांना शिकवत होते, आणि ते दोघे स्वतः नुकतेच कुठे शिकायला लागले होते.

माझे म्हणणे असे की इमारत हा या शाळांचा सोपा भाग होता. अवघड होते ते दर महिन्याचा पगार आणि पायाखालच्या जमिनीचा कागद. ज्यांना जो भाग नीट माहीत आहे त्यांनी तो तपशिलात लिहावा.

सातबारा

कागदापासून सुरुवात करू, कारण शाळा सर्वांत जास्त तिथेच अडली.

क्रम साधारण असा होता. आधी वस्तीची सभा, बहुधा रविवारी प्रार्थनेनंतर. तिथे विश्वस्त निवडायचे. त्यांनी एकरभर किंवा त्याहून कमी जागा विकत घ्यायची किंवा दान मिळवायची. खरेदीखत विश्वस्तांच्या नावे आणि 'शाळेच्या उपयोगासाठी' असे स्पष्ट शब्द घालून करायचे, मग काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत ते नोंदवायचे. जागेचा असा कायम हक्क दाखवला की ब्युरो लाकूड, खिळे, दारे-खिडक्या किंवा त्यापोटी रक्कम द्यायचा. बांधकामाचे अंगमेहनतीचे काम लोकांचे. कित्येक ठिकाणी लष्कराच्या रिकाम्या बराकी उतरवून त्याच फळ्या शाळेला वापरल्या. पेन स्कूलची इमारत तर फिलाडेल्फियात तयार करून सुट्या भागांत जहाजाने बेटावर आणली आणि तिथे जोडली.

आता बिघडत कुठे होते ते. पहिले म्हणजे गोरे जमीनमालक शाळेसाठी जागा विकायलाच तयार नसत. मग मळेवाल्याच्या तोंडी परवानगीवर त्याच्याच जमिनीत खोली उभी राहायची. वर्षअखेर मजुरीच्या करारावरून वाद झाला की कुटुंबे बाहेर आणि खोली मळेवाल्याची. लोकांनी तोडलेली लाकडे, लोकांनी घातलेले छप्पर, सगळे त्याच्या पदरात. दुसरे, खत झाले पण नोंदवलेच नाही. विश्वस्तांपैकी बरेचसे सहीच्या जागी फुली करणारे. कागद घरात जपून ठेवला की काम झाले, असा समज होणे साहजिक होते. मूळ मालक वारला किंवा कर्जात बुडाला की वारस नाहीतर सावकार दारात उभा. तिसरे, जागा चर्चच्या नावे. त्यात चोरीची भीती कमी, पण मेथडिस्ट चर्चमध्ये शाळा भरली की बाप्टिस्ट घरची मुले येईनात आणि उलटही. ब्युरोचे अधिकारी शक्य तिथे इमारत चर्चपासून वेगळी ठेवा म्हणत, त्याचे एक कारण हेच.

पाटीपेन्सिल

इमारतीबद्दल थोडी भर. खेड्यातली नेहमीची शाळा म्हणजे ओंडक्यांची एकच खोली. ओंडक्यांमधल्या फटी मातीने बुजवलेल्या, धुराडे काटक्या आणि मातीचे. बाक म्हणजे उभा चिरलेला ओंडका, सपाट बाजू वर आणि खालून भोके पाडून ठोकलेले चार पाय. पाठ टेकायला काही नाही, आणि उंची मोठ्या माणसाच्या हिशोबाची, म्हणून सहा वर्षांच्या पोराचे पाय दिवसभर लोंबकळत.

काच महाग. खिडकी म्हणजे लाकडी झडप. ती उघडली की थंडी आत, बंद केली की अंधार. जानेवारीत मुलांना यातले एक निवडावे लागे. दाराजवळची आणि चुलाण्याजवळची जागा आळीपाळीने देणे हे तिथल्या मास्तरचे रोजचे काम होते. हजेरी घटण्याच्या कारणांत कपडे आणि बूट नसणे हे कारण हिवाळ्यात वारंवार येते. म्हणून उत्तरेतल्या संस्था पुस्तकांच्या बरोबरीने जुन्या कपड्यांची पिंपे भरून पाठवत.

रोजमेळ

आता पैसा. जुनीवही यांचे मूळ म्हणणे मला पूर्ण पटते, फक्त आकड्यांत मांडतो.

अमेरिकन मिशनरी असोसिएशन शिक्षिकेला महिना १५ डॉलरच्या आसपास देई, वर राहणे-जेवण आणि प्रवास. प्रवासाचा भार बऱ्याचदा ब्युरो उचले. पण या शिक्षिका मुख्यतः शहरांत आणि मोठ्या गावांत. खेड्यातल्या शाळेचा हिशोब वेगळा.

समजा ४० मुले पटावर आहेत आणि फी दरमहा ५० सेंट. कागदावर २० डॉलर होतात. पण एका घरातली चार मुले असतील तर त्या बापाने महिन्याला २ डॉलर काढायचे. राबत्या गड्याची मजुरी तेव्हा शिधा धरून महिना १० ते १५ डॉलर, तीही बऱ्याच ठिकाणी हाती येई वर्षअखेर. वाट्याने करणाऱ्याला तर कापूस विकल्याशिवाय एक सेंट दिसत नसे. म्हणजे मास्तरला पैसे महिन्याला लागणार आणि लोकांकडे ते येणार वर्षातून एकदा. ही फट बुजवायला अंडी, मका, कोंबडी, सरपण असे काहीही फी म्हणून चाले. मास्तरचे जेवण भागायचे, पाट्या मात्र कोंबडी देऊन येत नसत.

ब्युरोला पगार देता येत नव्हता, पण इमारतीचे भाडे देता येत होते. मग संस्थेच्या किंवा विश्वस्तांच्या ताब्यातल्या शाळाघराला दरमहा काही डॉलर भाडे लावायचे आणि ती रक्कम मास्तरच्या पगारात जायची. अधिकाऱ्यांना हे माहीत होते आणि त्यांनी ते समजून-उमजून चालवले. कितीतरी खेड्यांतल्या शाळा या भाड्यावर तगल्या.

लुइझियानात एक वेगळा प्रयोग झाला. यादवी युद्ध चालू असतानाच उत्तरेच्या फौजेचे जनरल बँक्स यांनी मार्च १८६४ मध्ये शिक्षण मंडळ नेमले आणि उत्तरेच्या ताब्यातल्या भागात शाळांसाठी मालमत्तेवर कर बसवला. १८६५ च्या अखेरीस कराची वसुली थांबवली गेली आणि शाळा बंद पडायला लागल्या. तेव्हा मळ्यांवरच्या लोकांनी आमच्यावर कर लावा पण शाळा ठेवा असा अर्ज केला. त्या अर्जाचा कागद सुमारे ३० फूट लांब होता आणि त्यामागे १०,००० लोक होते असे अल्व्हर्ड यांनी नोंदवले आहे. त्यातल्या बहुतेकांनी सहीच्या जागी फुलीच केली होती.

वऱ्हाडी

रोजमेळ यांनी 'कापूस विकल्याशिवाय' म्हटले, तिथे शाळेचे वेळापत्रकही येते. कापूस आपल्याकडे पिकतो म्हणून हे चटकन कळेल. यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि मुंबईचा बाजार वर चढला, तेच हे पीक.

तिकडे पेरणी एप्रिलच्या सुमारास. मे-जून विरळणी आणि खुरपणी, आणि त्याला घरातले सगळे हात लागतात. जुलैत झाडाने जमीन झाकली की मशागत थांबते. ऑगस्टच्या अखेरीस बोंडे फुटू लागतात आणि वेचणी सुरू होते, ती डिसेंबरपर्यंत. वेचणीला आठ-दहा वर्षांचे पोरही पूर्ण मजूर धरले जाई. बोंड खाली असते आणि लहान बोटे चटचट चालतात.

उत्तरेतून आलेल्या संस्थांचे वर्ष ऑक्टोबरला सुरू व्हायचे आणि जूनला संपायचे. म्हणजे शाळा उघडणार ऐन वेचणीत, आणि मशागत थांबून मुले मोकळी होणार तेव्हा बाई सुट्टीला उत्तरेत! जुलै-ऑगस्टमध्ये तापाची साथ असते म्हणून बाईंनी जाणे समजण्यासारखे होते. पण खेड्यातली शाळा या वेळापत्रकावर चालूच शकत नव्हती. जिथे लोकांनी स्वतः शाळा चालवली तिथे दोन सत्रे ठरली: वेचणी आटोपल्यावर जानेवारी ते मार्च आणि मशागत थांबल्यावर जुलै-ऑगस्ट. मधल्या काळात रात्रीची शाळा आणि रविवारची शाळा.

रविवारची शाळा म्हणजे नुसते भजन-प्रवचन नव्हते, तिथे मुळाक्षरे शिकवत. १८६९ च्या मोजणीत अशा १,५१२ शाळा, ६,१४६ शिक्षक आणि १,०७,१०९ विद्यार्थी नोंदले गेले. मळेवाल्याला रविवार अडवता येत नव्हता, आणि वेचणीच्या दिवसांतही रविवार मोकळाच राहायचा.

पाटीपेन्सिल

रात्रशाळेची मोठी अडचण उजेडाची होती. घासलेटचा दिवा एखादाच. बऱ्याच ठिकाणी पाइनच्या राळ मुरलेल्या लाकडाच्या ढलप्या चुलाण्यात पेटवून त्या प्रकाशात वाचत. उजेड भरपूर, धूरही तितकाच, आणि तो एकाच बाजूने. पुस्तक चुलाण्याकडे धरायचे की डोळ्याकडे, हा प्रश्न. म्हणून रात्रीच्या वर्गात लिहिण्यापेक्षा तोंडी हिज्जे म्हणण्यावर भर राहिला.

पुस्तक बहुतेक ठिकाणी वेब्स्टरचे निळ्या पुठ्ठ्याचे हिज्जेपुस्तक. आधी अक्षरे, मग आपल्या बाराखडीसारखी जोडणी: बा, बे, बी, बो. मग एका अवयवाचे (एका दमात उच्चारायच्या तुकड्याचे) शब्द. त्यानंतर दोन अवयवांच्या शब्दांचे पान, ज्याचा पहिला शब्द 'बेकर'. 'बेकरपर्यंत पोहोचला' हीच प्रगती सांगायची रीत झाली. ट्रॅक्ट सोसायटी या धार्मिक पुस्तिका छापणाऱ्या संस्थेने मुक्त झालेल्यांसाठी मुद्दाम वेगळी वाचनपुस्तके छापली. त्यांत अक्षराबरोबर कष्ट करा, उधळेपणा करू नका असा उपदेश खच्चून भरलेला. ज्यांनी २५० वर्षे फुकट राबून दिले त्यांना कष्टाचा धडा द्यायचा, हे मला आजही वाचवत नाही.

एका खोलीत ६० ते १०० जण, वय ५ ते ७०. मार्ग एकच होता: 'बेकर' पार केलेल्या मुलीने मुळाक्षरांच्या गटाला बसवायचे. ही मॉनिटर पद्धत अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला आपल्याकडच्या शाळेतली रीत पाहून इंग्लंडला नेली, आणि तिथून ती जगभर गेली. तिच्यात बिघाड एकच, पण मोठा. मॉनिटरचा चुकीचा उच्चार सगळा गट एकसुरात पाठ करतो आणि मग तो निघता निघत नाही. यासाठी जाणत्या शिक्षिका शाळा सुरू होण्याआधी मॉनिटरांचा अर्धा तास वेगळा वर्ग घेत आणि त्या दिवशीचा धडा आधी त्यांच्याकडून म्हणवून घेत.

जुनीवही

मास्तरांबद्दल मी लिहितो. चित्रांत नेहमी उत्तरेतली गोरी, अविवाहित तरुणी दिसते. अलीकडे अभ्यासकांनी १८६१ ते १८७६ मधल्या ११,००० हून अधिक शिक्षकांची नावनिशी गोळा केली, तेव्हा चित्र बदलले. एक-तृतीयांशाहून जास्त शिक्षक कृष्णवर्णीय होते आणि गोऱ्यांच्या तुलनेत ते शाळेत जास्त वर्षे टिकले. दक्षिणेतले गोरे शिक्षकही वाटते त्यापेक्षा खूप होते, बरेचसे युद्धाने कफल्लक झालेले आणि पगारासाठी आलेले.

खेड्यात कृष्णवर्णीय मास्तरच का, याचे कारण अगदी व्यवहाराचे आहे. गोऱ्या बाईला खेड्यात राहायला जागा मिळत नसे. गोरे घरमालक 'त्यांच्या' मास्तरणीला खोली देत नसत, आणि काळ्या कुटुंबात राहिली तर त्या कुटुंबाच्या जिवावर बेतायचे. म्हणून संस्थांनी शहरात एकत्र राहण्याची घरे केली आणि शाळाही त्यांच्या आसपासच काढल्या. कृष्णवर्णीय मास्तर मात्र पालकांकडे आठवडा-आठवडा वाटून राहू शकत होता.

तोटा असा की तो स्वतः फार शिकलेला नसे. साउथ कॅरोलायनात १७४० पासून गुलामाला लिहायला शिकवणाऱ्यास १०० पौंड दंड होता. नंतर इतर राज्यांतही तसे कायदे आले. मास्तर येणार कुठून? यावर तोडगा म्हणजे अध्यापन विद्यालये: हॅम्प्टन (१८६८), टॅलडेगा (१८६७), फिस्क (१८६६, नॅशव्हिलमधल्या लष्करी इस्पितळाच्या बराकीत). मुलामुलींनी सत्र संपवून सुट्टीत खेड्यात शिकवायचे, त्या पैशातून पुढची फी भरायची, असे चक्र बसले. आता वऱ्हाडी यांचे वेळापत्रक बघा: कॉलेजची उन्हाळी सुट्टी आणि कापसाची मोकळीक एकाच वेळी. खेड्यातले जुलै-ऑगस्टचे सत्र या विद्यार्थी-शिक्षकांनी उचलले.

रोजमेळ

फी हवी की नको, यावर इथे नेहमी वाद होतो. माझे मत फीच्या बाजूचे. जॉर्जियात १८६६ मध्ये मुक्त लोकांनी स्वतःची शिक्षण संघटना केली आणि काउंटीवार शाखांनी आपापल्या शाळा चालवायच्या असे ठरवले. पैसा आपला म्हणून मास्तर आपला. जॉर्जियातल्याच सव्हाना शहरात त्याआधी, जानेवारी १८६५ मध्ये, कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी शिक्षण मंडळ स्थापले. उमेदवारांची परीक्षा घेऊन शिक्षक नेमले आणि जिथे गुलामांची विक्री व्हायची त्या इमारतीत शाळा भरवली.

जुनीवही

रोजमेळ, त्याच सव्हानाचे पुढचे पाहा. मंडळाला उत्तरेकडून पैशाची मदत हवी होती, कारभार मात्र आपल्याच हाती ठेवायचा होता. मिशनरी असोसिएशनच्या माणसाला कारभार हवा होता आणि काळ्या शिक्षकांची योग्यता त्याला पटत नव्हती. पैसा तिकडे असल्यामुळे मंडळ पुढे टिकले नाही. आणि सुझी किंग टेलर यांचे उदाहरण फीच्या शाळेची दुसरी बाजू दाखवते. त्यांनी सव्हानात घरीच शाळा काढली, २० मुले, प्रत्येकी महिना १ डॉलर, रात्री काही मोठी माणसे. मग बीच इन्स्टिट्यूट ही मोफत शाळा निघाली आणि त्यांची मुले तिकडे गेली. पुढे त्यांनी प्रौढांची रात्रशाळा चालवली, तर बीचमध्ये रात्रीचे वर्गही सुरू झाले. गरीब बाप १ डॉलर वाचवणारच, त्याला कोण नावे ठेवणार? पण एक अनुभवी कृष्णवर्णीय शिक्षिका त्यात कामाबाहेर गेली. मोफत शाळेने तिलाच नोकरीवर घेतले असते तर दोन्ही साधले असते.

रोजमेळ

हे मान्य. फीवर भार टाकणे किती कच्चे होते ते १८६६ आणि १८६७ च्या पिकांनी दाखवले. दोन्ही वर्षे पूर, अवर्षण आणि अळी यांनी कापूस गेला, आणि भावही युद्धानंतरच्या चढ्या भावाच्या निम्म्याखाली आला. तेव्हा आधी बंद पडल्या त्या निव्वळ फीवरच्या शाळा.

कंदील

सुरक्षेचा मुद्दा कोणीच घेतला नाही. मेम्फिसमध्ये मे १८६६ च्या दंगलीत ४६ कृष्णवर्णीय मारले गेले, आणि काँग्रेसच्या चौकशी समितीने जाळलेल्या १२ शाळा मोजल्या. खेड्यात हे अंधारात आणि एकेका शाळेच्या बाबतीत घडे. लुइझियानात शिकवणाऱ्या एडमोनिया हायगेट या कृष्णवर्णीय शिक्षिकेने डिसेंबर १८६६ च्या पत्रात लिहिले आहे की तिच्यावर खोलीत दोनदा गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तरी तिचे विद्यार्थी मळ्यांवरून तीन, चार, कधी आठ मैल चालत येतात. विल्यम ल्यूक हा टॅलडेगाशी संबंधित शिक्षक जुलै १८७० मध्ये अलाबामात चार कृष्णवर्णीयांबरोबर फाशी दिला गेला, जमावाकडून.

बचाव काय होता? चर्चचे सभासद रात्री आळीपाळीने राखण करत. पुस्तके शाळेत न ठेवता घरोघर वाटून ठेवत, म्हणजे इमारत जळली तरी दुसऱ्या दिवशी झाडाखाली वर्ग भरे. व्हर्जिनियात लॉट्सबर्गला कॅरोलाइन पुटनम यांनी वेगळीच वाट काढली. १८६८ पासून तिथे शाळा चालवताना त्यांनी गावच्या पोस्टमास्तरचे काम मिळवले. थोडा नेमका पगार आला, आणि पत्रे व देणग्यांची पाकिटे दुसऱ्याच्या हातून जायची थांबली. गावातल्या गोऱ्यांनाही टपालासाठी त्यांच्या दारी यावे लागे.

सातबारा

१८७० नंतरचे थोडक्यात. ब्युरोचे शिक्षणकाम १८७० मध्ये आटोपले. तोवर सुमारे ६० लाख डॉलर या शिक्षणावर खर्ची पडले होते, त्यातले साडेसात लाख मुक्त लोकांनी स्वतःच्या खिशातून दिले, असा कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांनी नोंदवलेला हिशोब आहे. जागा, मजुरी आणि मास्तरचे जेवण यांची किंमत त्या खिशाच्या बाहेरची.

दरम्यान, १८६८ च्या सुमारास नव्या राज्यघटना झाल्या आणि दक्षिणेत पहिल्यांदाच सर्वांसाठी सरकारी शाळा कायद्यात आल्या. त्या सभांत कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते म्हणून हे झाले, आणि फायदा गरीब गोऱ्यांनाही मिळाला. १८७७ नंतर सत्ता पुन्हा जुन्या गोऱ्या वर्गाकडे गेली, काउंटीच्या मंडळांनी कृष्णवर्णीयांच्या शाळांचा वाटा कापायला सुरुवात केली. तरी निरक्षरतेचे प्रमाण १८७० ला जवळपास ८० टक्के होते ते १९०० ला ४५ च्या खाली आणि १९१० ला ३० च्या आसपास आले. कापलेल्या वाट्यावर हे घडले.

वऱ्हाडी

सातबारा, पुढे विसाव्या शतकात देणगीच्या मदतीने उभ्या राहिलेल्या रोझेनवाल्ड शाळांच्या जमिनीचे काय होते? तिथेही विश्वस्तच?

सातबारा

नाही, आणि तिथेच गोम आहे. १९१२ मध्ये ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेला दिलेल्या देणगीतून थोडे पैसे उरले. तिथले प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांनी त्यातून अलाबामात सहा शाळा बांधल्या. १९३२ पर्यंत १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या, शिवाय शिक्षकांची घरे २१७ आणि कर्मशाळा १६३. एकूण खर्च २ कोटी ८४ लाख डॉलर, त्यात निधीचे ४३ लाख, कृष्णवर्णीयांचे ४७ लाख, बाकी मुख्यतः सरकारी कराचे.

अट अशी की जागा किमान दोन एकर, सत्र किमान पाच महिने, आणि जमीन-इमारत काउंटीच्या शाळा मंडळाच्या नावे करून द्यायची. सरकारला जबाबदारीत अडकवणे हा हेतू, आणि पगारापुरता तो साधलाही, कारण मास्तरचा पगार आता मंडळावर आला. १८६५ ला जे सुटत नव्हते ते इथे सुटले. पण लोक कर भरत होते, वर वर्गणी देत होते, आणि जागा मंडळाला लिहून देत होते. वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४ च्या निकालानंतर जसजशा या शाळा बंद झाल्या, तसतसे पुष्कळ ठिकाणी मंडळांनी त्या विकल्या. आजोबांनी दिलेली जमीन नातवंडांना परत मिळवायला पैसे मोजावे लागले.

पाटीपेन्सिल

या शाळांचे नकाशे पाहण्यासारखे आहेत. वीज नाही हे धरूनच आखलेले. खिडक्या सुट्या नाहीत, एका भिंतीला सलग पट्टी, आणि उंची छताजवळपर्यंत. इमारत अशी वळवायची की वर्गाला उजेड पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून मिळावा. नकाशातच दोन पर्याय दिलेले, रस्ता कुठल्या दिशेला आहे त्यावरून निवडायचा. दोन वर्गांमधली भिंत सरकती, म्हणजे संध्याकाळी सभेला एकच मोठी खोली. भिंतींचा वरचा भाग फिक्या रंगाचा, उजेड परतावा म्हणून, आणि खालचा गडद, हात लागून मळतो म्हणून. बाके अशी मांडायची की उजेड मुलाच्या डाव्या खांद्यावरून यावा आणि लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर पडू नये.